ट्रेडिंग कार्ड नक्की कशाची बनतात? बडोद्याच्या कार्डवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची दांडिया बाजारात छोटी प्रेस आहे, वडिलांच्या काळापासूनची, मुख्य काम लग्नपत्रिका, बिलबुकं आणि औषधांची खोकी. भाचा पोकेमॉनच्या कार्डांच्या नादाला लागला, मग त्याचे मित्र यायला लागले, मग मित्रांचे बाबा, आणि आता रविवारी कमाटी बागेत कार्डांची अदलाबदल असते तिथून अर्धी गँग थेट प्रेसवर येते आणि तेच तेच प्रश्न विचारते. म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. किमती मला विचारू नका, त्यातलं मला कळत नाही. कागद, शाई, फॉइल, प्लास्टिक यातलं विचारा.

कार्ड म्हणजे जाड कागदच ना, त्यात काय एवढं?

जाड कागद एक आणि चिकटवलेले दोन कागद वेगळे. चांगलं गेम कार्ड हे सँडविच असतं, दोन पातळ कागद आणि मध्ये खळीचा थर. वर दोन्ही बाजूंना पांढऱ्या मातीचा लेप असतो, म्हणजे चायना क्ले नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून छपाई गुळगुळीत बसते, नाहीतर शाई कागदात मुरून चित्र मळकट दिसलं असतं. त्यावर शाई, शाईवर कोटिंग. कार्ड हातात वाकवून सोडलं की टपकन सरळ होतं ना, तो स्प्रिंगसारखा जोर या सँडविचमुळे येतो. एकाच जाडीच्या साध्या पुठ्ठ्याला तो येत नाही, तो वाकला की वाकलेलाच राहतो, आमच्या शेजारच्या काकांसारखा.

जीएसएम आणि पॉइंट म्हणजे काय? विकणारा दोन्ही सांगतो आणि मी मान हलवतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. आपली लग्नपत्रिका साधारण २५० ते ३५० मध्ये असते, गेम कार्डं साधारण २८० ते ३३० मध्ये. पॉइंट म्हणजे जाडी, इंचाचा हजारावा भाग. गेम कार्ड १२ पॉइंटच्या आसपास, म्हणजे ०.३ मिलिमीटर. खेळाडूंची कार्डं जास्त जाड असतात आणि आत जर्सीचा तुकडा असलेलं कार्ड तर १३० पॉइंटपर्यंत जातं, ३.३ मिलिमीटर, ते कार्ड कसलं पाटीच ती. टॉपलोडर, म्हणजे कार्ड ठेवायचं कडक प्लास्टिकचं कव्हर, घेताना हा पॉइंट बघून घ्या, ३५ वाल्यात जाडं कार्ड कोंबलं की कोपरे गेलेच.

वजन जास्त म्हणजे कार्ड चांगलं असा हिशोब नसतो हेही आत्ताच सांगून ठेवतो, जड कागद मऊसुद्धा असू शकतो.

निळा कोर, काळा कोर हे काय प्रकरण आहे?

मधल्या खळीत रंग मिसळलेला असतो. कारण सोपं आहे, पत्ता उजेडात धरला तर पाठीमागून काय आहे ते समोरच्याला दिसू नये. खेळाच्या पत्त्यांची ही जुनी युक्ती, कसिनोच्या पत्त्यांत तर हवीच. मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ १९९३ मध्ये आला तेव्हा बेल्जियममधल्या कार्टा मुंडी या पत्ते छापणाऱ्या कंपनीत छापला गेला, त्यामुळे पत्त्यांचाच कागद वापरला गेला आणि त्या कार्डात मध्ये निळी रेघ सापडते. इंग्रजी पोकेमॉन कार्डात ती काळी असते.

भाच्याला पटेना. म्हणून त्याच्याकडच्या ढिगातलं एक अगदी फालतू एनर्जी कार्ड, ज्याचे त्याच्याकडे चाळीस होते, ते टेबलावर फाडलं आणि फाटलेली कड लूपखाली, म्हणजे सोनाराच्या भिंगाखाली, धरली. पांढरा कागद, मग केसाएवढी काळी रेघ, मग परत पांढरा, क्रीमच्या वेफर बिस्किटाला चावल्यावर आत दिसतं तसं. पोरगं दहा मिनिटं लूप सोडेना. मग घरी जाऊन अजून सहा कार्डं फाडली, बहिणीचा फोन आला, ते वेगळं.

मग शाळेबाहेर दहा-वीस रुपयांत मिळतं त्या पाकिटात काय असतं?

बहुतेकदा डुप्लेक्स नाहीतर हलकं आर्ट कार्ड. डुप्लेक्स म्हणजे एका बाजूने पांढरं लेप दिलेलं आणि आत-मागे राखाडी, रद्दीच्या लगद्यापासून बनतं, आपल्या वापीला त्याच्या मिल्स आहेत. औषधाचं खोकं फाडून बघा, तोच माल. खोक्यासाठी उत्तम आहे, त्याला नावं ठेवत नाही, माझी अर्धी भाकरी त्यावर चालते. पण कार्ड म्हणून त्याला जोर नसतो, कोपरा दोन दिवसांत फुलतो आणि ओल लागली की थर सुटतात.

तरी लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं आम्ही त्याच पुठ्ठ्यावर खेळलो आणि अंडरटेकर कोणाकडे आहे यावरून मारामाऱ्या केल्या, कोणी कोर बघितला नव्हता.

तुमच्या प्रेसमध्ये आमच्यासाठी कार्डं छापून द्याल का?

तुमच्या स्वतःच्या डिझाइनची असतील तर आनंदाने. कंपनीच्या कार्डाची हुबेहूब नक्कल काढून द्या म्हणाल तर नाही, आणि "फक्त घरी खेळायला" हे वाक्य मी महिन्यात तीनदा ऐकतो.

स्वतःचा गेम बनवणाऱ्यांसाठी माझी फजिती सांगतो. फाइन आर्ट्सची दोन मुलं आली होती, गरब्यावरचा गेम बनवला होता, चित्रं झकास. मी नेहमीच्या सवयीने ३०० जीएसएम आर्ट कार्ड घेतलं, दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशन मारलं, कटिंग केलं, गोल कोपरे पंच केले. दिसायला एकदम फर्स्ट क्लास. पण पिसायला घेतली तर एकमेकांवर सरकेनात, गठ्ठाच्या गठ्ठा वळायला लागला आणि पंधरा दिवसांत कोपऱ्यातून लॅमिनेशनचं पापुद्रं सुटलं. पत्रिकेचं काम एकदा उघडून बघण्याचं असतं, कार्डाचं हजारदा पिसण्याचं, हे डोक्यातच आलं नाही. लॅमिनेशन म्हणजे वरून चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म, तिची कड कापल्यावर उघडी राहते. खऱ्या गेम कार्डावर फिल्म नसते, पाण्यावर आधारित वॉर्निशसारखं कोटिंग असतं, छपाईच्या ओळीतच बसतं आणि कागदात धरून राहतं. दुसऱ्या खेपेला प्लेइंग कार्ड बोर्ड मागवला, कोटिंग केलं, आणि ग्रेन बघून मांडणी केली.

ग्रेन? लाकडाचा असतो तसा?

तसाच. कागद बनताना तंतू मशीनच्या दिशेने लोळतात, त्या दिशेने कागद सहज वाकतो आणि आडवा वाकवायला जोर लागतो. ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात, म्हणून कागद आडवा पसरतो. घरी बघायचं असेल तर कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा, ज्या अक्षाभोवती त्याची सुरळी होते ती ग्रेनची दिशा. हे लक्षात ठेवा, पुढे पावसाळ्याच्या उत्तराला लागणार आहे.

चमकणाऱ्या कार्डात खरं काय असतं? क्रोम म्हणजे खरंच क्रोमियम का?

नाही हो. प्लास्टिकच्या अतिशय पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते, होलो असेल तर त्या फिल्मवर बारीक रेघांचा उठाव असतो, उजेड त्यावर फुटून इंद्रधनुष्य दिसतं. ही फिल्म कागदावर चिकटते आणि छपाई तिच्यावर होते. जिथे चमक नको तिथे आधी पांढरी शाई, मग त्यावर चार रंग. म्हणून लूपमधून बघितलं तर चमकणारा भाग आणि न चमकणारा भाग यांची हद्द पांढऱ्या शाईने आखलेली दिसते.

सुरसागरजवळच्या दुकानातून मिठाई आणता त्या चकचकीत बॉक्सचा बोर्ड हाच, आम्ही त्याला मेटपेट म्हणतो. टॉप्स या अमेरिकन कार्ड कंपनीने १९९३ मध्ये फायनेस्ट नावाने रिफ्रॅक्टर कार्डं काढली, १९९६ ला टॉप्स क्रोम आलं, तंत्र मोठं आणि अचूक पण मूळ घराणं मिठाईच्या बॉक्सचंच. पत्रिकेवर गणपती सोन्यात उठवतो ते वेगळं, ते गरम ब्लॉकने फॉइल दाबून चिकटवणं, कार्डांवर सही किंवा नंबर सोनेरी असतो तो बऱ्याचदा असा.

पावसाळा लागला की माझी फॉइल कार्डं प्रिंगल्ससारखी वाकतात. माल खोटा आहे का?

खोटा नाही, बडोद्याचा जुलै खरा आहे.

हा प्रश्न दर वर्षी इतका येतो की जरा सविस्तर सांगतो. कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो, फॉइल पीत नाही. एकाच कार्डात एक बाजू वाढते आहे आणि दुसरी जागची हलत नाही, दोघी एकमेकींना चिकटलेल्या, मग कार्ड काय करणार, वाकणार. दमट हवेत मागचा कागद वाढतो म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला मिटतं, वाटीसारखं. उलट कोरड्या हवेत, म्हणजे जानेवारीत किंवा चोवीस तास एसी असलेल्या खोलीत, कागद आकसतो आणि कार्ड चित्राच्या बाजूने फुगीर होतं. कुठल्या बाजूला वाकलंय ते बघितलं की ओल जास्त आहे का कमी ते कळतं, हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजायचं यंत्र, नसला तरी चालतं. साध्या कार्डाला दोन्हीकडे कागदच असल्याने ताण सारखा पडतो आणि ते बऱ्यापैकी सरळ राहतं.

उपाय: हवाबंद डबा आणि आत ओलावा ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास. सिलिका जेल टाका पण मूठभर नका टाकू, जास्त झाली की हवा फारच कोरडी होते आणि कार्ड उलट्या बाजूला जातं, एका सद्गृहस्थांनी बुटांच्या खोक्यांतल्या सगळ्या पुड्या जमवून टाकल्या होत्या. गिटारवाले वापरतात ती ४९ टक्क्यांची दुतर्फा पाकिटं मिळतात, ओल जास्त असली तर घेतात आणि कमी असली तर सोडतात, ती सगळ्यात बरी. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात ठेवू नका. माझ्या तसल्या कपाटात गेल्या श्रावणात ७८ टक्के दाखवत होतं, आणि बाहेरच्या खोलीत ७१.

कडा पांढऱ्या का पडतात?

रंग फक्त वरच्या कातडीला असतो, आत कागद पांढरा. कड घासली की लेप उडतो आणि आतला कागद दिसतो. गडद पाठीच्या कार्डाला जास्त दिसतं एवढंच. बोथट पात्याने कापलं तर पाकिटातून काढतानाच कड केसाळ निघते, त्यात तुमची चूक नाही. आणि मार्करने रंगवू नका, टॉर्चखाली लगेच कळतं.

सोनेरी कार्ड मिळालं, ५५ कार्डांचा डबा तीनशे रुपयांत. सोनं आहे का?

सोन्याचा रंग आहे. सोनेरी फॉइल चढवलेलं प्लास्टिक, जत्रेतला माल. पोरं खेळतात, पाण्यात पडलं तरी काही होत नाही, त्या दृष्टीने खऱ्या कार्डापेक्षा दणकट. पोकेमॉनने २०२१ च्या सेलिब्रेशन्सच्या महागड्या संचात खरोखरची धातूची दोन कार्डं दिली होती, पिकाचू आणि चारिझार्ड, पण ती धातूची, जड, आणि अख्ख्या संचात दोनच. तीनशे रुपयांत पंचावन्न निघत नाहीत.

घरच्या घरी नकली कसं ओळखायचं? फाडून बघायचं का?

महाग कार्ड फाडून खरं निघालं तर मला फोन करू नका.

आधी मोबाइलची टॉर्च. मागे धरा, शेजारी त्याच गेमचं खात्रीचं साधं कार्ड धरा. कोर नसलेलं कार्ड कंदिलासारखं उजळतं. फॉइल कार्डाला ही टेस्ट करू नका, ॲल्युमिनियम उजेड अडवतंच.

मग लूप, सोनार वापरतात तो ३० पटीचा, ऑनलाइन दोनशे-तीनशेला येतो. ऑफसेट छपाईत चित्र निळा, गुलाबी, पिवळा, काळा अशा ठिपक्यांच्या फुलांनी बनतं, रांगोळीसारखं, पण काळी अक्षरं एकाच ठोस काळ्या शाईची आणि धारदार असतात. नकली बनवणारा बऱ्याचदा खरं कार्ड स्कॅन करून छापतो, त्यामुळे त्याच्या अक्षरांतसुद्धा रंगीत ठिपके येतात आणि कडा पिंजलेल्या दिसतात. माझ्या मते ही सगळ्यात भरवशाची खूण, कारण ही चूक सुधारायची तर सगळी अक्षरं नव्याने मांडावी लागतात आणि त्याला कंटाळा असतो.

मग वजन. ६३ बाय ८८ मिलिमीटरचं कार्ड ३०० जीएसएमचं धरलं तर हिशोबाने १.६६ ग्रॅम, वर शाई आणि कोटिंग, म्हणून मॅजिकचं कार्ड १.७ ते १.८ मध्ये भरतं. दागिन्यांच्या छोट्या काट्यावर एकटं कार्ड ठेवलं तर काटा नाचतो, दहा एकत्र ठेवा आणि भागाकार करा. यू-गी-ओह या खेळाचं कार्ड ५९ बाय ८६ चं असतं, त्याला हा आकडा लावून घाबरू नका.

वाकवून बघायची टेस्ट मला आवडत नाही. खरं निघालं तरी कार्ड थोडं मेलेलंच असतं.

आजोबांच्या पेटीत जुनी सिगारेटची कार्डं सापडली. ती कशाची?

साध्या पुठ्ठ्याची. सिगारेटचं पाकीट मऊ असायचं, आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे, मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की त्यावर चित्र छापू, लोक जमवतील. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे जोरात होतं, काही कंपन्यांनी रेशमावर छापलेलीसुद्धा दिली. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली आणि ब्रिटनमधली बंद पडली. आज बेसबॉलचं होनस वॅग्नरचं कार्ड, १९०९ ते १९११ मधलं, कोट्यवधींना जातं तेही अशाच पाकिटातून निघालेलं.

त्या काळची रंगीत छपाई दगडावरची, एकेका रंगाला एकेक दगड. लक्ष्मी विलास राजवाड्यात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं बघतो आपण, त्याने १८९४ मध्ये मुंबईला प्रेस काढून घराघरात देवादिकांची चित्रं पोचवली तीही याच तंत्राने. लूपखाली ठिपके बघा, आजच्यासारखी शिस्तीची रांगोळी नसते, हाताने टिपलेले वेडेवाकडे असतात.

जुन्याची अजून एक परीक्षा म्हणजे नोटा तपासायची जांभळी टॉर्च. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक देणारं रसायन घालतात, ते दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालं. १९२० चं म्हणून विकलेलं कार्ड जांभळ्या उजेडात निळसर झळकलं तर नमस्कार करून निघा. कार्ड तपकिरी पडलं असेल तर घाबरू नका, जुन्या लाकडी लगद्यात लिग्निन राहतं, ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, कालच्या वर्तमानपत्रासारखं. टॉप्सची जुनी बेसबॉल कार्डं असतील तर एका कार्डावर चौकोनी डाग दिसेल, तो पाकिटातल्या च्युइंगमचा. १९९१ पर्यंत ते गम घालत होते.

जर्सीचा तुकडा खरंच खेळाडूचा असतो?

मागे कंपनी काय लिहिते ते शब्द वाचा, "सामन्यात वापरलेला" आणि "खेळाडूने घातलेला" यात फरक आहे, फोटोसाठी दोन मिनिटं घातला तरी घातलाच. सुरुवात १९९६ ची, अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतींच्या कार्डात टायरचा तुकडा घातला होता. १९९९ मध्ये अपर डेक या कार्ड कंपनीने बेसबॉलपटू बेब रूथची खरी बॅट कापून तिचे कपचे कार्डांत घातले, लोक भयंकर चिडले. मला विचाराल तर बरोबर चिडले.

स्लीव्ह, म्हणजे कार्डाचं पातळ प्लास्टिकचं कव्हर, कुठली घ्यावी? सगळं प्लास्टिक सारखंच ना?

बडोद्यात राहून असं विचारू नये, आपल्याकडे आयपीसीएल होतं, प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारी पेट्रोकेमिकल कंपनी. आमच्या सोसायटीतले एक काका तिथूनच रिटायर झाले, त्यांनी माझा अल्बम हातात घेऊन फक्त वास घेतला आणि म्हणाले, "हे मऊ पीव्हीसी आहे रे, काढ आतली कार्डं." मी काढली नाहीत. दोन पावसाळ्यांनी पानं तेलकट झाली आणि नऊ कार्डं प्लास्टिकला अशी चिकटली की सोडवताना शाईच वर आली.

कारण असं की पीव्हीसी मुळात कडक, मऊ करायला त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर घालतात, ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि शाई-कोटिंग सोडवतं. नव्या रेनकोटचा वास येतो ना, तोच वास. पॉलिप्रॉपिलीनला मऊ करायला काही घालावं लागत नाही, म्हणून स्लीव्ह त्याची घ्या, पाकिटावर लिहिलेलं असतं, नसेल लिहिलेलं तर वास घ्या. टॉपलोडर बऱ्याचदा कडक पीव्हीसीचं असतं, त्यात तेल नसतं, तरी कार्ड आधी स्लीव्हमध्ये आणि मग टॉपलोडरमध्ये. रबरबँड लावणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आपल्याकडे अशी जमवण्यासारखी कार्डं कधी नव्हतीच का?

होती की, गंजिफा! आमचं मूळ गाव सावंतवाडीकडचं, तिथे अजून बनतात. गोल पत्ते, कागदाच्या चकत्या चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायच्या, वर लेप, मग हाताने रंगवायचं आणि शेवटी लाखेचा थर. दशावतारी संच १२० पत्त्यांचा, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. मध्ये खळ, वर लेप, शेवटी कोटिंग, म्हणजे वर पहिल्या उत्तरात जे सांगितलं तेच, फक्त मशीनऐवजी हात. भाच्याला दाखवले तेव्हा त्याने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मामा, कोर कुठला आहे?"

वाकलेलं कार्ड इस्त्री करून सरळ होईल का?

नाही. फॉइलचं प्लास्टिक सुरकुततं, कोटिंग कापडाला चिकटतं आणि कागद कोरडा पडून थंड झाल्यावर दुप्पट वाकतो. स्लीव्हमध्ये घालून, ४९ टक्क्यांच्या पाकिटाबरोबर डब्यात, वर जाड डिक्शनरी, आठवडाभर उघडायचं नाही. आठवडा म्हणजे सात दिवस, दुसऱ्या दिवशी "काका, अजून वाकडंच आहे" असा मेसेज करू नका.